आम्ही कळवू

संध्याकाळी सातच्या सुमारास डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून उतरणाऱ्या गर्दीत मुलाखत देऊन परतणारा मुलगा लगेच ओळखू येतो. सकाळी कडक इस्त्री केलेला शर्ट आता चुरगळलेला, काखेत दहावीपासूनच्या गुणपत्रिकांची फाइल, पायात एरवी न वापरलेले काळे बूट. घरी पोचल्यावर आई पाण्याचं भांडं पुढे करते आणि विचारते, "कशी झाली रे?" त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "बरी झाली. कळवतो म्हणालेत."

पुढचे पंधरा दिवस त्या घरात फोन वाजला की सगळ्यांचे कान टवकारतात. महिन्याभराने आई विचारायचं सोडते. वडील एखाद्या रविवारी "त्या ठाण्याच्या कंपनीचं काय झालं?" म्हणतात, आणि मुलगा "काही नाही" म्हणून विषय बदलतो. त्याला नकार मिळालेला नसतो. नकार मिळाला असता तर तो एक दिवस हिरमुसला असता आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या अर्जाला लागला असता. त्याला उत्तरच मिळालेलं नसतं.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यातली मुलं परीक्षांना घाबरत नाहीत. या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या परीक्षा दिल्या आहेत: बँकेच्या, रेल्वेच्या, विम्याच्या, राज्यसेवेच्या. परीक्षेला अभ्यासक्रम असतो, गुण असतात, निकालाची तारीख असते. मुलाखतीला यातलं काहीच नसतं. काय तपासणार आहेत, कोण तपासणार आहे, किती फेऱ्या होणार आहेत आणि निर्णय कधी लागणार आहे, या चार गोष्टी न सांगता एखाद्याची चार वेळा परीक्षा घेतली जाते. माझ्या मते उमेदवारांचा वैताग नेमका इथून सुरू होतो. मुलं आळशी आहेत, त्यांना चिकाटी नाही, अशी जी टीका नेहमी कानावर येते, ती या चार गोष्टींकडे न बघता केलेली असते.

सुरुवात जाहिरातीपासूनच होते. 'डायनॅमिक उमेदवार हवेत, अनुभव ० ते ५ वर्षं, पगार इंडस्ट्रीत सर्वोत्तम.' शून्य वर्षं अनुभवाचं माणूस आणि पाच वर्षं अनुभवाचं माणूस ही एका कामाची माणसं असू शकत नाहीत. ज्याला कामच ठरवता आलेलं नाही, तोच असं लिहितो. पद 'बॅक ऑफिस'चं म्हणून बोलावतात आणि दुसऱ्या फेरीत कळतं की दिवसभर फोन करून कर्ज विकायचं आहे. शिफ्टची वेळ तिसऱ्या फेरीत उघड होते. ऐरोलीच्या किंवा अंधेरीच्या ऑफिसात बसलेल्या मॅनेजरला ती किरकोळ बाब वाटते. टिटवाळ्याला किंवा बदलापूरला राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने मात्र तीच सगळ्यात मोठी असते. रात्री साडेअकराला सुटणाऱ्या शिफ्टनंतर कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते की नाही, यावर तिची नोकरी, तिच्या घरच्यांची परवानगी आणि तिची झोप ठरते. पहिल्याच फोनवर हे सांगितलं असतं, तर तिचे तीन दिवस आणि ठाण्याला गाडी बदलून केलेल्या सहा फेऱ्या वाचल्या असत्या.

पगाराचंही तसंच. 'तीन लाखांचं पॅकेज' ऐकून घरी पेढे येतात. तीन लाख भागिले बारा म्हणजे महिना २५,००० रुपये, हा घरातला हिशेब. आता कागदावर मांडून बघू. समजा, मूळ वेतन त्याच्या निम्मं म्हणजे १२,५०० आहे. कंपनी भविष्य निर्वाह निधीत तिचा वाटा १२ टक्के म्हणजे १,५०० रुपये भरते, आणि तो सीटीसीतच, म्हणजे त्या तीन लाखांच्या पॅकेजमध्येच, धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद, वर्षाला १५ दिवसांचा पगार आणि महिन्याचे कामाचे दिवस २६ या सूत्राने, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के म्हणजे साधारण ६०१ रुपये. हेही सीटीसीतच. मग स्वतःच्या वाट्याचे १,५०० रुपये पगारातून कापले जातात. हातात उरतात २१,३९९. मुलगा असेल तर महाराष्ट्राचा व्यवसाय कर आणखी २०० रुपये घेतो. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. त्यात दहा टक्के 'व्हेरिएबल' असेल, तर हातातला आकडा अजून खाली येतो. या कपातीत बेकायदा काहीही नाही. निधी आणि ग्रॅच्युइटी कामगाराच्याच भल्याची आहेत. चूक एवढीच, की हा हिशेब करणारं माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेलं असतं आणि 'इन-हँड किती?' असं विचारणाऱ्या उमेदवाराकडे 'याला फक्त पैशाचं पडलंय' अशा नजरेने बघितलं जातं.

हे सगळं आधी सांगावं, ही अपेक्षा आजच्या पिढीचे लाड आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९५९ सालचा एक कायदा वाचावा. त्याचं नाव सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे अधिसूचित करण्याची सक्ती) अधिनियम. तो अमलात आला १ मे १९६० रोजी, म्हणजे बरोबर महाराष्ट्र राज्य जन्माला आलं त्या दिवशी. २५ किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या खासगी कारखान्याने आणि कचेरीने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवल्याच पाहिजेत, असं तो सांगत होता. काही प्रकारच्या जागा वगळलेल्या होत्या, आणि कार्यालयाने पाठवलेल्याच माणसाला घ्या असं बंधन नव्हतं. पण १९६० च्या नियमांमध्ये कळवायच्या तपशिलांची जी यादी आहे, ती बघून मी थक्क झालो. कोणत्या प्रकारचा कामगार हवा, त्याचं काम काय, कोणती पात्रता आवश्यक आणि कोणती असली तर बरी, जागा किती, कायम की तात्पुरत्या, पगार आणि भत्ते किती, कामाचं ठिकाण कोणतं, जागा कधीपर्यंत भरणार, मुलाखत किंवा चाचणी कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि उमेदवाराने कोणाला भेटायचं. हे सगळं मुलाखतीच्या किमान १५ दिवस आधी. आणि निवड झाली की तिचा निकाल १५ दिवसांच्या आत कार्यालयाला कळवायचा.

म्हणजे आज उमेदवार जे जे मागतात, ते सगळं पासष्ट वर्षांपूर्वी या देशाच्या नियमांत लिहिलेलं होतं.

ठाण्याला त्या काळाची ओळख आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि वागळे इस्टेट ही त्याची सुरुवातीची वसाहत. त्याच्या आगेमागे पोखरण रोड, कोलशेत, कळवा, डोंबिवली एमआयडीसी, शहाड, मोहोने असा कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. त्या वेळच्या घरांमध्ये सेवायोजन कार्यालयाचं कार्ड रेशनकार्डाइतकंच जपून ठेवलेलं असे. ते वेळेवर नूतनीकरण करायचं, 'कॉल' येण्याची वाट बघायची. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. कार्ड असूनही वर्षानुवर्षं कॉल न आलेली माणसं तेव्हाही होती, ओळखीच्या चिठ्ठीवर कारखान्यात शिरलेलीही होती, आणि कायदा मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होता, जो कोणाला जरब बसवेल असा नव्हता. तरी त्या नियमांनी एक तत्त्व मान्य केलं होतं: नोकरी देणाऱ्याने काय हवं आहे ते आधी लेखी सांगायचं.

पुढे कारखाने मिटले. मोहोनेचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला, त्याच वर्षी ठाण्याची रेमंड गिरणीही. त्या पट्ट्यात आता निवासी मनोरे, आयटी पार्क आणि कॉल सेंटरं आहेत. सेवायोजन कार्यालयाची जागा जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राने घेतली, आणि भरती प्रत्यक्षात जॉब पोर्टल, कन्सल्टन्सी आणि ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. १९५९ चा तो कायदाही आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. उमेदवार वाढले, फेऱ्या वाढल्या, आणि सांगण्याची सवय मात्र गेली.

न सांगता घेतलेली मुलाखत निदान माणूस तरी नीट पारखते का? याचं उत्तर शास्त्राकडे आहे, आणि ते स्पष्ट आहे.

१९२१ मध्ये थॉमस एडिसन यांच्याकडे नोकरीला येणाऱ्या पदवीधरांना सुमारे दीडशे प्रश्नांची चाचणी द्यावी लागे. फ्रान्सच्या सीमेवर कोणते देश आहेत, व्होल्गा नदी कुठे आहे, असे प्रश्न. नापास झालेल्या उमेदवारांनी आठवतील तेवढे प्रश्न वर्तमानपत्राला दिले आणि अमेरिकेत गदारोळ उडाला. यंत्रशाळेतल्या कामाचा आणि व्होल्गाचा संबंध काय, हा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी बोस्टनला गेलेल्या आइनस्टाइन यांना त्यातलाच एक प्रश्न विचारला गेला: ध्वनीचा वेग किती? त्यांना तो सांगता आला नाही. पुस्तकात मिळतं ते डोक्यात वागवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत कर्मचारी निवडीवर अफाट संशोधन झालं. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी तोवरच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब पुन्हा तपासून दुरुस्त केला. मुलाखतीत मिळालेले गुण आणि पुढे प्रत्यक्षात केलेलं काम यांचा मेळ किती बसतो, हे ते शून्य ते एकच्या पट्टीवर मोजतात. शून्य म्हणजे काडीचाही संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. मनात येईल ते विचारत घेतलेल्या सैल मुलाखतीचा आकडा सॅकेट यांच्या हिशेबात ०.१९ आला. बांधीव मुलाखतीचा ०.४२. ज्या ज्या पद्धती त्यांनी तपासल्या, त्यांत बांधीव मुलाखत सर्वांत वर राहिली. बांधीव म्हणजे फार काही नाही: कामात काय लागतं ते आधी ठरवायचं, त्यावरून प्रश्न ठरवायचे, सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तराला गुण कसे द्यायचे तेही आधीच लिहून ठेवायचं. ज्याने हे लिहून ठेवलं, त्याला उमेदवाराला सांगणं काहीच अवघड नाही. उमेदवाराला सांगता येत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा तो कागदच नाही.

सैल मुलाखतीत मग मोजलं काय जातं? 'स्वतःबद्दल काहीतरी सांगा' हा पहिला प्रश्न घ्या. मराठी माध्यमातून शिकलेला, घरात या प्रकारची नोकरी करणारी पहिलीच पिढी असलेला मुलगा याला सरळ उत्तर देतो. नाव, गाव, वडील काय करतात, भाऊ-बहिणी किती. प्रश्नाचा सरळ अर्थ तोच आहे. समोरच्याला मात्र दीड मिनिटात शिक्षण, केलेलं काम आणि या पदाशी त्याचा संबंध ऐकायचा असतो. हे ज्याचा मोठा भाऊ किंवा मावशी अशा ऑफिसात आहे, त्याला आदल्या रात्री घरीच कळतं. दुसऱ्याला पाच मुलाखती वाया गेल्यावर कळतं. अपेक्षा गुलदस्त्यात ठेवल्याचा जाच सगळ्यांना सारखा होत नाही. ज्याला आतली माहिती आहे त्याची ती सोय असते आणि ज्याला नाही त्याला ती दाराबाहेर ठेवते. म्हणून हा प्रश्न मला शिष्टाचाराचा वाटत नाही, न्यायाचा वाटतो. त्या मुलाला कामाचं येत नव्हतं असं नाही. त्याला खेळाचे नियम कोणी सांगितले नव्हते.

नियम सांगून मुलाखत घेता येते, याची दोन उदाहरणं आपल्या हाताशीच आहेत. पहिलं सैन्याचं. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची पद्धत भारतात १९४३ मध्ये देहरादूनला सुरू झाली. पाच दिवस उमेदवाराची मानसशास्त्रीय चाचणी, गटातली कामं आणि वैयक्तिक मुलाखत होते. तिथे अधिकाऱ्यात जे १५ गुण बघतात, ते गुपित नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत मुलांकडून १९७७ पासून याच गुणांची तयारी करून घेतली जाते. पहिल्या दिवशीच्या चाळणीचा निकाल पहिल्या दिवशी लागतो आणि शेवटचा निकाल शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर. बहुतेक मुलं नापास होऊनच परततात. पण कल्याण स्टेशनवर उतरताना त्यांना आपण नापास झालो हे माहीत असतं, आणि पुढच्या वेळी कशावर मेहनत घ्यायची याचाही अंदाज असतो.

दुसरं उदाहरण राज्यसेवेचं. ठाणे महानगरपालिकेने १९८७ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या नावाने प्रशासकीय प्रशिक्षण संस्था सुरू केली. देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आपल्या भागातल्या मुलांना स्पर्धा परीक्षेची वाट कोणीतरी दाखवायला हवी, हा या संस्थेमागचा विचार किती मोलाचा आहे, हे वर सांगितलेल्या 'स्वतःबद्दल सांगा'वरून लक्षात येईल. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत, हे उमेदवाराला अर्ज भरण्याआधीच ठाऊक असतं. आणि जेव्हा हीच पद्धत २०२३ पासून लगेच लागू होणार असं ठरलं, तेव्हा तयारीला वेळ द्या म्हणून हजारो मुलं पुण्यात रस्त्यावर बसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसेवा आयोगाने बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला. नियम बदलू नका असं ती मुलं म्हणत नव्हती. बदलायचा तर आधी सांगा, एवढंच मागणं होतं.

न्यायालयांनीही हीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगितली आहे. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रवेश-मुलाखत होती. तिला एकूण गुणांपैकी एकतृतीयांश वजन, आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांची, तीही आईवडील कोण, राहता कुठे, अशा प्रश्नांची. न्यायालयाने एवढं वजन मनमानी ठरवलं आणि मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण नसावेत असं सुचवलं. त्याहून मोठा निकाल ७ नोव्हेंबर २०२४ चा. राजस्थान उच्च न्यायालयात अनुवादकांच्या १३ जागा होत्या. २१ जणांनी परीक्षा आणि मुलाखत दिली, आणि सगळं झाल्यावर किमान ७५ टक्के गुण हवेत अशी नवी अट घालण्यात आली. निवडले गेले तिघे. 'तेज प्रकाश पाठक' या नावाने हा खटला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आणि पीठाने सांगितलं की मूळ नियमांनी मुभा दिली नसेल, तर एकदा सुरू झालेल्या भरतीचे नियम मध्येच बदलता येत नाहीत. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीतल्या एका उमेदवाराला, त्याच्याबरोबरच्या इतरांचे गुणही माहिती अधिकारात मिळाले पाहिजेत, असा निर्णय दिला. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब (अराजपत्रित) पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

हे सगळं सरकारी नोकरीपुरतं. संविधानाची समानतेची कलमं शासनाला बांधतात. वागळे इस्टेटमधल्या खासगी कंपनीला माहिती अधिकाराचा अर्ज करता येत नाही. तिथे उमेदवाराच्या हातात ऑफर लेटर पडलं तरी अनिश्चितता संपत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने, वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर देऊन ठेवलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर यायला तयार आहात का, असं विचारलं. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेले सुमारे दोन हजार अभियंते २०२४ पर्यंत रुजू होण्याची वाट बघत होते. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, त्यानंतर त्यांतल्या बऱ्याच जणांना तारखा मिळाल्या. मंदी येते, प्रकल्प रद्द होतात, हे समजण्याइतकी ती मुलं मोठी आहेत. दोन वर्षं थांबायचं की दुसरीकडे बघायचं, हे ठरवण्यापुरतं खरं त्यांना कोणी सांगत नव्हतं.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूचंही ऐकायला हवं. छोट्या कंपनीत एचआरचं एकच माणूस असतं, एका जागेसाठी त्याच्याकडे शेकडो बायोडाटा येतात, आणि उमेदवारही ऑफर घेऊन ऐनवेळी येत नाहीत, फोन उचलत नाहीत. या तक्रारी खऱ्या आहेत. पण 'आम्ही कळवू'चं मूळ तिथे नाही. ते बहुधा एचआरच्याही वर असतं. जागेला अजून मंजुरीच नसते. किंवा विभागप्रमुखाला माणूस हवं असतं, पण कशासाठी, हे त्याचं त्यालाच स्पष्ट नसतं. दहा जणांना भेटल्यावर आपोआप कळेल अशी त्याची समजूत असते. किंवा आतलाच एक जण ठरलेला असतो आणि बाकीच्यांना कागद पूर्ण करायला बोलावलेलं असतं. किंवा पहिल्या पसंतीचा उमेदवार येतो की नाही हे कळेपर्यंत दुसऱ्याला टांगणीला ठेवायचं असतं. यांतल्या प्रत्येक वेळी कंपनीच्या न घेतलेल्या निर्णयाची किंमत उमेदवार मोजतो, सुट्टी टाकून आणि तिकीट काढून. या अंधाराचा फायदा घेणारे भामटेही आहेत. खरी प्रक्रिया कशी असते हे कोणालाच ठाऊक नसलं, की 'प्रोसेसिंग फी' मागणारी खोटी कन्सल्टन्सीही खरी वाटते. मुलाखतीसाठी किंवा ऑफर लेटरसाठी कोणी पैसे मागितले, की तिथून उठायचं. यात दुसरा विचार नको.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने यावर कायदाच केला. १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरातीत पगाराची पट्टी द्यायची, जागा खरोखर रिकामी आहे का ते सांगायचं, चाळणीला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरत असल्यास तेही लिहायचं, आणि मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला ४५ दिवसांच्या आत निर्णयाबाबत कळवायचं. २५ ही संख्या वाचून मला १ मे १९६० ची आठवण झाली. आपल्याकडे निकाल सेवायोजन कार्यालयाला जात असे, तिथे तो थेट उमेदवाराला जातो. आपला जुना नियम ही एक पायरी चढला असता तर आज ओंटारिओचं उदाहरण द्यावं लागलं नसतं. महाराष्ट्राने ही पायरी आता चढावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर उमेदवाराने काय करावं? विचारावं. मुलाखतीचा फोन येतो तेव्हाच, नम्रपणे पण नेमकं. या पदावरच्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवणं अपेक्षित आहे? एकूण किती फेऱ्या आणि त्या कोण घेणार? शिफ्ट कोणती, ठिकाण कोणतं? मूळ वेतन किती आणि हातात किती? घरी करायला 'असाइनमेंट' देणार असाल तर ती किती तासांची? आणि निघताना, निर्णय कोणत्या तारखेपर्यंत लागेल? विचारल्याने संधी जाईल ही भीती मी समजू शकतो. पण काम काय आहे असं विचारल्याबद्दल जी कंपनी नाराज होते, ती रुजू झाल्यावर काम सांगेल अशी आशा धरू नये. तारीख उलटून चार दिवस झाले की एक फोन किंवा एक मेल करावा. उत्तर नाही आलं, तर ते प्रकरण आपल्या वहीत आपणच बंद करावं. न आलेल्या फोनवरून स्वतःची लायकी ठरवू नये, आणि घरच्यांनीही ती ठरवू नये.

आणि वागळे इस्टेटमध्ये, घोडबंदर रोडवर, डोंबिवली एमआयडीसीत जे आज माणसं निवडत आहेत, त्यांच्यातल्या कित्येकांनी एके काळी अशीच फाइल काखेत धरून गाडी पकडली होती. त्यांना माझी विनंती आहे. पुढची जाहिरात देण्याआधी एका कागदावर कामाच्या पाच ओळी लिहा आणि तोच कागद उमेदवाराला पाठवा. मुलाखत संपल्यावर 'आम्ही कळवू' म्हणू नका, वार आणि तारीख सांगा. त्या दिवशी फोन करा. उत्तर 'नाही' असेल, तरी करा.